नाक चोंदलंय? आधी साखर बघा



निफाडचा पारा पाच अंशांखाली गेल्याची बातमी आली, की नाशकातल्या दवाखान्यांत शिंकणाऱ्यांची रांग वाढते. त्या रांगेत मधुमेह असलेलेही बरेच असतात आणि त्यांची मागणी ठरलेली असते: "शुगरवाल्याला चालेल अशी सर्दीची गोळी द्या." गोळीकडे आपण येऊच. पण त्याआधी एक विचारतो, नाक चोंदल्यापासून साखर किती वेळा मोजली?

सर्दीच्या विषाणूशी लढताना शरीर कॉर्टिसोल, अ‍ॅड्रेनलिन अशी संप्रेरकं जास्त सोडतं. त्यांच्यामुळे यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं आणि इन्सुलिनचा जोर कमी पडतो. म्हणून दोन घास कमी खाऊनही साखर चढते. "आज जेवण गेलंच नाही, मग इन्सुलिन कशाला?" हा हिशेब इथेच चुकतो. इन्सुलिन मनाने बंद करायचं नाही. एरवी दोन-चार दिवसांनी साखर मोजत असाल, तर आजारपणात दिवसातून तीन-चार वेळा मोजा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि पोटात काही जात नसेल, तर साखर उतरूही शकते. उलट्या-जुलाब होत असतील, तर मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या काही दिवस थांबवाव्या लागतात. त्यासाठी डॉक्टरांना फोन करा.

आता औषध. सर्दीच्या तयार गोळीत बहुधा तीन गोष्टी असतात: तापासाठी पॅरासिटामॉल, शिंकांसाठी क्लोरफेनिरामाइनसारखं औषध आणि चोंदलेलं नाक मोकळं करण्यासाठी फेनिलएफ्रिन. हे तिसरं औषध रक्तवाहिन्या आकसवतं. त्याने रक्तदाब वाढू शकतो, थोडी साखरही वाढू शकते, आणि आपल्याकडे मधुमेहाच्या जोडीला बऱ्याचदा रक्तदाबही असतो. शिवाय उपयोग किती? सप्टेंबर 2023 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या सल्लागार समितीने एकमताने सांगितलं, की नेहमीच्या मात्रेत पोटातून घेतलेल्या फेनिलएफ्रिनने चोंदलेलं नाक मोकळं होत नाही. तेव्हा मेडिकलमधून गोळी घेताना पाकिटावरची नावं वाचा. अंगदुखी, तापाला नुसतं पॅरासिटामॉल पुरतं. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं मूत्रपिंडावर ताण टाकतात, ती विचारल्याशिवाय नकोत.

नाकासाठी सगळ्यात निर्धोक म्हणजे मिठाच्या पाण्याचे थेंब. जलनेती करत असाल तर पाणी उकळून गार केलेलंच हवं, थेट नळाचं नाही. झायलोमेटाझोलिनचे थेंब लगेच आराम देतात, पण तीन, फार तर पाच दिवस. पुढेही घालत राहिलात, तर थेंबांमुळेच नाक चोंदायला लागतं.

खोकल्याच्या औषधातल्या साखरेला लोक फार घाबरतात. चमचाभर औषधात साखर असते ती काही ग्रॅमच. साखरविरहित मिळालं तर उत्तमच. त्यापेक्षा घरच्या उपायांतल्या साखरेकडे बघा. आलं, तुळस, गवती चहाचा काढा चांगलाच, पण त्यात गुळाचा खडा पडतो आणि असे तीन-चार कप दिवसभरात होतात. सितोपलादी चूर्णाच्या मूळ पाठात 31 भागांपैकी 16 भाग खडीसाखर आहे, आणि ते आपण मधातून चाटतो! काढा बिनगुळाचा घ्या.

दुसरा घरचा उपाय म्हणजे गरम पाण्यात पाय बुडवणं, शेकोटीशी पाय शेकणं. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असते. पाणी कढत आहे हे पायाला कळतच नाही, फोड आल्यावर डोळ्यांना दिसतं. आणि ती जखम भरायला सर्दीच्या कितीतरी पट वेळ लागतो. पाय ऊबदार ठेवायचे तर मोजे घाला. वाफ घेताना भांडं डळमळणार नाही असं ठेवा.

अँटिबायोटिकही उरलेल्या पट्टीतलं घेऊ नका. साधी सर्दी विषाणूंची, तिच्यावर ते चालत नाही. उलट लेव्होफ्लॉक्सासिनसारखं औषध ग्लिमेपिराइडच्या जोडीने साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकतं.

मग घाबरायचं कधी? 2021 चा उन्हाळा आठवा. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराने महाराष्ट्रभर रुग्णालयांत वॉर्ड भरले, अ‍ॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनांसाठी नातेवाईक गावोगाव फिरले. या बुरशीचे बीजाणू मातीत, हवेत नेहमीच असतात. निरोगी शरीर त्यांना थारा देत नाही. पण साखर बेसुमार वाढलेली आणि त्यात स्टेरॉइडचा मारा झाला, की पांढऱ्या पेशी मंदावतात आणि बुरशी सायनसमधून डोळ्यापर्यंत, मेंदूपर्यंत सरकते. ती लाट ओसरली, बीजाणू आहेत तिथेच आहेत. म्हणून चेहऱ्याच्या एकाच बाजूला दुखणं किंवा सूज, गाल बधिर होणं, नाकातून काळपट स्राव, टाळूवर काळा डाग, दात हलणं, एकाचे दोन दिसणं, यांतलं एकही लक्षण दिसलं तर सकाळची वाट न पाहता कान-नाक-घसा तज्ज्ञ असलेलं रुग्णालय गाठा.

साखर 300 च्या वर टिकून राहिली, धाप लागली, उलट्या थांबेनात किंवा गुंगी आली, तरीही थेट रुग्णालय. सर्दी दहा दिवसांत हटली नाही, किंवा बरी होता होता पुन्हा उलटली, तर डॉक्टरांना दाखवा. आणि मधुमेहींनी फ्लूची लस दरवर्षी घ्यायची असते. थंडी पडायची वाट न पाहता तिच्याबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा.