परमुलखातले पहिले वर्ष



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी समोर बसून ऐकावे, असाच आजवरचा रिवाज आहे. आम्ही पंडित नाही, आणि चार देश पाहून आलेले प्रवासीही नाही. आम्ही उभयतांनी जर्मनीच्या नैर्ऋत्य भागात, स्टुटगार्टजवळच्या एका लहान गावी सहा वर्षे संसार केला. आमच्यापैकी एकाने कारखान्यात यंत्रावर काम केले, दुसरीने रुग्णालयात परिचारिकेचे. एवढीच आमची पुंजी. बोलणारे तोंड आज एक असले तरी अनुभव दोघांचा आहे, म्हणून ‘आम्ही’ म्हणतो. त्यात थोरवीचा आव नाही, हे आधीच सांगून टाकतो.

हा विषय आज घेण्याला कारण आहे. स्टुटगार्ट ही ज्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याची राजधानी, त्या राज्याशी महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा अनेकांना तेथे मागणी आहे. आपल्या ओळखीच्या घरांतली मुले-मुली जर्मन भाषा शिकू लागली आहेत. त्यांचे आईवडील आमच्याकडे येतात आणि तीन प्रश्न विचारतात: थंडी सोसेल का, खायला काय मिळते, आणि पगार किती. प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे आम्ही देऊ. पण चौथा प्रश्न कोणी विचारीत नाही: तेथे एखादी गोष्ट समजली नाही, तर काय करायचे? आमच्या सहा वर्षांतल्या बहुतेक फजित्या आणि एक फार गंभीर प्रसंग या चौथ्या प्रश्नातून उद्भवला.

आधी थंडीचे सांगून मोकळे होऊ. थंडी कपड्यांनी भागते. जड जातो तो अंधार. डिसेंबरात सकाळी आठपर्यंत उजाडत नाही आणि दुपारी साडेचारला सूर्य मावळतो. पहाटेच्या पाळीला जाणारा माणूस अंधारात घर सोडतो आणि अंधारातच परततो. पहिल्या हिवाळ्यात आम्ही दोघेही विनाकारण चिडचिडे झालो होतो. कारण अंधाराचे आहे हे कळल्यावर सुटीच्या दिवशी भर दुपारी बाहेर फिरण्याचा नेम केला आणि निम्मे दुखणे गेले.

खाण्याचे मात्र थोडे सविस्तर सांगतो. शनिवारी रात्री आम्ही पोहोचलो. रविवारी सकाळी दूध आणायला निघालो तो सारी पेठ बंद! तेथे रविवारची विश्रांती राज्यघटनेने राखलेली आहे. बेकरी काही तास उघडी असते, रेल्वे स्थानकावर काही मिळते, परंतु हे आम्हांला कोठून ठाऊक? पहिला रविवार बरोबर नेलेल्या लाडू-चिवड्यावर काढला.

सोमवारी कणीक आणली. पोळ्या लाटल्या त्या चामड्यासारख्या झाल्या. महिनाभर आम्ही त्या देशाच्या गव्हाला दोष देत होतो. पुढे एका दुकानदाराला विचारले, तेव्हा त्याने पिशवीवरचा आकडा दाखविला. तेथे पिठाला क्रमांक असतात: ४०५, ५५०, १०५०. शंभर ग्रॅम पीठ जाळले असता जितके मिलिग्रॅम राख उरते, तितका त्याचा क्रमांक. आकडा लहान तितके पीठ पांढरे, आकडा मोठा तितका कोंड्याचा अंश अधिक. आम्ही आणीत होतो ते ४०५, म्हणजे जवळजवळ मैदाच! १०५० मध्ये थोडे सबंध गव्हाचे पीठ मिसळले आणि पोळी पोळीसारखी झाली. एका प्रश्नाने महिन्याचे रडगाणे संपले.

मग डोळे उघडले. ‘क्वार्क’ नावाने मिळणारा पदार्थ म्हणजे थेट आपला चक्का निघाला. साखर, वेलदोडा घालून पाडव्याला श्रीखंड झाले. तेथला ‘कोलराबी’ म्हणजे आपला नवलकोल. ते लोक त्याच्या फोडी कच्च्याच खातात. आणि त्या श्वाबेन मुलखाचा घरगुती पदार्थ कोणता, तर शिजविलेल्या मसुरीत कणकेचे मऊ तुकडे, वरून चमचाभर शिरका! आपली वरणफळे आठवल्यावाचून राहतात का? त्यांच्या कणकेत अंडे असते आणि शेजारी सॉसेज ठेवतात, एवढा फरक. परदेशचे अन्न म्हणून आम्ही ज्याला भीत होतो, त्यात आजीच्या स्वयंपाकघरातले निम्मे पदार्थ वेश पालटून बसले होते.

आता घराची गोष्ट. आमचे बिऱ्हाड तीन मजली इमारतीत होते. दुसऱ्या आठवड्यात दारावर कोणीतरी एक लाकडी पाटी अडकवून गेले. नव्या भाडेकरूचे स्वागत असावे, असे समजून आम्ही ती तशीच ठेवली, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखविलीदेखील! तीन आठवडे लोटले. शेजारच्या आजीबाई जिन्यात भेटल्या की मान फिरवू लागल्या. आम्ही आपसात ठरवून टाकले, की यांना आपल्या फोडणीचा वास खपत नाही. हिंगाची डबी कपाटात गेली, खिडक्या लावून स्वयंपाक सुरू झाला, आणि मनात अढी बसली ती निराळीच.

शेवटी एके दिवशी आजीबाईंनीच दार ठोठावले. त्यांनी पाटीकडे बोट दाखविले, मग जिन्याकडे दाखविले आणि हातातला झाडू पुढे केला. त्या पाटीवर लिहिले होते ‘केरवोखे’. ‘वोखे’ म्हणजे आठवडा, आणि ‘केर’चा अर्थ, श्रोतेहो, तुम्ही ओळखलात तोच! ध्वनीचा हा निव्वळ योगायोग. पण झाडलोटीच्या आठवड्याची पाटी ज्याच्या दारी, त्याने जिना, अंगण आणि फुटपाथ झाडावा व आठवडा संपताच पाटी पुढच्या दारी अडकवावी, असा तेथला नियम आहे. या प्रथेचा माग पंधराव्या शतकापर्यंत लागतो. आम्ही तीन आठवडे पाटी अडवून बसलो होतो आणि सगळ्या इमारतीचा केर तुंबला होता. हिंगाशी कोणाचे काही वैर नव्हते. पुढे त्याच आजीबाई आमच्याकडून आमटीची पातेली भरून नेऊ लागल्या.

आम्हांला सारेच गोड भेटले असे नाही. रंग पाहून तोडून बोलणारी माणसेही भेटली. परंतु खरा अपमान आणि आपल्या अज्ञानातून कल्पिलेला अपमान यांतला भेद, विचारल्यावाचून कळत नाही, हे त्या पाटीने शिकविले.

आता कामाविषयी. आमच्यापैकी जी परिचारिका, तिला येथे आठ वर्षांचा अनुभव होता. तेथे गेल्यावर कळले, की आपल्या पदवीची तेथल्या अभ्यासक्रमाशी तुलना होते, काय कमी पडते त्याची यादी टपालाने येते, आणि मग परीक्षा किंवा पूरक शिक्षण पुरे करावे लागते. तोवर दर्जा मदतनिसाचा आणि वेतनही मदतनिसाचेच. पहिल्या दिवशी हाती इंजेक्शन आले नाही. पाण्याचे तसराळे आणि टॉवेल आला. रुग्णांना अंघोळ घालणे, भरविणे, कुशीवर वळविणे ही कामे आपल्याकडे नातेवाईक करतात, नाहीतर वॉर्डातल्या मावशी. त्या संध्याकाळी घरी येऊन ती रडली, हे लपविण्यात अर्थ नाही. आठ वर्षे शिकून-राबून हेच करायचे होते का, असा प्रश्न होता. तेथे मान्यताप्राप्त परिचारिकाही हेच काम करते, किंबहुना तिच्या विद्येचा तो पाया मानतात, हे तिला अद्याप कळायचे होते.

भाषेची परीक्षा आम्ही दोघांनीही पास केली होती, पण ती पुस्तकी भाषेची. त्या मुलखाची बोली न्यारी. पुस्तकात ‘हेबेन’ म्हणजे उचलणे; श्वाबेनमध्ये ‘हेबेन’ म्हणजे धरणे. कारखान्यात मुकादमाने पत्रा ‘हेबेन’ करायला सांगितला. आमच्यापैकी एकाने तो उचलला आणि काम बिघडले. त्यावर सारे हसले आणि गोष्ट संपली. रुग्णालयात मात्र इतक्यावर भागले नाही.

रात्रपाळीत एका वृद्ध रुग्णाने सांगितले, ‘माझा फूस दुखतो.’ पुस्तकात फूस म्हणजे पाऊल. तिने पाऊल पाहिले; सूज नाही, जखम नाही. म्हातारबुवा आणखी काही पुटपुटले. ते कळले नाही, पण पुन्हा विचारणे अवघड वाटले, म्हणून आपल्या सवयीप्रमाणे तिने मान हलविली आणि ‘या, या’ म्हणजे ‘हो, हो’ म्हटले. वरिष्ठ परिचारिकेला तिने सांगितले: पाऊल दुखते म्हणतात, पण पाऊल ठीक आहे. रात्र गेली. सकाळी तीच अंघोळीचे तसराळे घेऊन गेली आणि पांघरूण काढले, तो एक पोटरी सुजलेली आणि हाताला गरम! तिने धावत जाऊन सांगितले. डॉक्टर आले, तपासणी झाली. शिरेत रक्ताची गुठळी धरली होती. अशी गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो. उपचार वेळेत सुरू झाले आणि गृहस्थ बरे होऊन घरी गेले. श्वाबेन बोलीत ‘फूस’ म्हणजे नुसते पाऊल नव्हे, तर कमरेखालचा सबंध पाय.

ज्या कामाला ती कमीपणाचे समजत होती, त्याच अंघोळीने ती पोटरी दाखविली. आणि ज्या ‘हो’ला आपण विनय समजतो, त्याने एक रात्र फुकट घालविली. मुख्य परिचारिका तिला एवढेच म्हणाल्या, की शब्द न कळणे ही चूक नव्हे. न कळताच हो म्हणणे ही चूक. बोलणे कठोर होते, पण खरे होते.

श्रोतेहो, आपल्याकडे वडीलधाऱ्यापुढे ‘समजले नाही’ म्हणणे उर्मटपणाचे वाटते. आपण मान हलवितो, मागाहून कोणाला तरी विचारून घेतो, आणि आपल्या गावात ते निभावतेही. तेथे ‘हो’ म्हणजे हो. त्यावर पुढचा माणूस विसंबून राहतो. म्हणून जाणाऱ्या मुलांना आमचे सांगणे आहे, की जर्मनमधले पहिले वाक्य ‘समजले नाही, पुन्हा सांगा’ हे शिका आणि ते लाज न बाळगता वापरा.

हीच सवय निघण्याआधी येथेही उपयोगी पडेल. नोकरीच्या करारावर सही करण्यापूर्वी विचारा: मान्यता मिळेपर्यंत पद कोणते आणि वेतन किती? पूरक शिक्षणाचा खर्च कोणाचा? मध्येच नोकरी सोडली तर तो परत मागण्याचे कलम आहे का? सांगितलेला पगार कपातीपूर्वीचा की नंतरचा? कर, आरोग्यविमा, निवृत्तिवेतन आणि इतर विमे वजा जाता हाती पडणारी रक्कम बरीच कमी असते. तेथे गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंद करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचा दाखला लागतो. तो पहिल्याच दिवशी मागून घ्या. आणि सरकारी पाकीट न फोडता कधी ठेवू नका.

परमुलखी शिकायला किंवा राबायला जाणारे आपण काही पहिले नव्हे. इरावतीबाई कर्वे १९२८ साली जर्मनीला गेल्या आणि बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आल्या. १९६० नंतरच्या काळात केरळच्या कितीतरी तरुणी परिचारिका होऊन त्याच देशात गेल्या. त्यांना रोज घरी बोलण्याची सोय नव्हती. आज ती आहे. वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेतीन तासांचा, हिवाळ्यात साडेचारांचा.

म्हणून शेवटचा शब्द पालकांसाठी. तुमचा मुलगा किंवा मुलगी फोनवर म्हणेल, ‘सगळे ठीक आहे.’ आम्हीही सहा महिने आमच्या घरी तेच सांगत होतो. तेही मान हलविणेच होते. तेवढ्यावर समाधान मानू नका. आज काय खाल्लेस, आज काय कळले नाही आणि ते कोणाला विचारलेस, हे रोज विचारा. घरात ज्याला ‘कळले नाही’ म्हणता येते, त्याला ते बाहेरही म्हणता येते.

 आणि आमच्या बोलण्यातले काही समजले नसेल, तर कृपा करून मान हलवू नका. आम्ही येथेच थांबलो आहोत, अवश्य विचारा.