माग काढावा, पण पाऊल पुसू नये

श्रोतेहो, गावात चोरी झाली की जाणती माणसे आधी मातीत उमटलेल्या पावलावर टोपली पालथी घालीत. माग काढणारा येईपर्यंत दुसऱ्या कोणाचा पाय त्यावर पडू नये, एवढाच हेतू. आज गुन्ह्याची पावले मोबाईलमध्ये आणि संगणकाच्या डिस्कवरही उमटतात. तेथे टोपली कशाची घालावयाची? तपासनीसांच्या पेटीत त्यासाठी जी साधने असतात, त्यांची ओळख आज करून घेऊ.

पहिले साधन म्हणजे एक पिशवी. जप्त केलेला फोन चालू असला की तो टॉवरशी बोलत राहतो, आणि दूर बसलेला माणूस हुकूम धाडून त्यातले सारे पुसू शकतो. म्हणून तो धातूच्या धाग्यांचे अस्तर असलेल्या पिशवीत बंद करतात. सर्व बाजूंनी धातूने वेढलेल्या जागेत बाहेरच्या विजेचा प्रभाव पोचत नाही, हे मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३६ साली दाखविले. पिशवीला नावही त्याचेच. शिक्षकांनी वर्गात फोन अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात तीन-चार वेढे देऊन गुंडाळावा आणि त्यावर दुसऱ्या फोनवरून घंटी द्यावी. फट राहिली नसेल तर बहुधा तो वाजणार नाही.

दुसरे साधन ‘राइट ब्लॉकर’, म्हणजे लिहिणे अडविणारी लहानशी डबी. डिस्क नुसती संगणकाला जोडली तरी संगणक आपल्या नकळत तिच्यावर काही ना काही लिहितो, तारखा बदलतात. मग न्यायालयात वकील विचारणारच, ‘ही तारीख आरोपीची की तुमची?’ म्हणून डिस्क आणि संगणक यांच्यामध्ये ही डबी ठेवतात. वाचण्याचा हुकूम ती जाऊ देते, लिहिण्याचा अडविते.

तिसरे साधन नक्कल करणारे यंत्र. ते रिकाम्या दिसणाऱ्या जागेचीही हुबेहूब नक्कल उतरविते. कारण फाईल पुसली तरी बहुधा अनुक्रमणिकेतील नोंदच जाते. मजकूर मागे राहतो. अमेरिकेत विचिटा शहरी १९७४ ते १९९१ या काळात दहा खून करणारा माणूस अनेक वर्षे सापडला नव्हता. २००५ च्या फेब्रुवारीत त्याने स्वतःच एका दूरचित्रवाणी केंद्राकडे फ्लॉपी धाडली. तीत पुसलेल्या फायलीचे अवशेष निघाले. त्यांत एका चर्चचे नाव होते आणि ‘डेनिस’ हा शब्द. त्याच महिन्यात डेनिस रेडर पकडला गेला.

नक्कल खरी कशावरून? यंत्र मूळ आणि नक्कल या दोहोंवरून गणिताने एक खूण काढते. तिला ‘हॅश’ म्हणतात. मजकुरात एक काना बदलला तरी सगळी खूण बदलते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या प्रमाणपत्रात ही खूण नोंदवावी लागते.

साधनांना मर्यादाही आहेत बरे का! नव्या प्रकारच्या डिस्क वीज मिळताच पुसलेली जागा आपण होऊन साफ करीत असतात. डबी बाहेरचा हुकूम अडविते, डिस्कच्या पोटातले काम नाही. म्हणून यंत्राइतकेच महत्त्व माणसाच्या काळजीला: कोणी, केव्हा, काय हाताळले, त्याची नोंद हवी, मोहोर हवी.

आणि ही काळजी आपल्यापासूनच सुरू होते. फोनवरून फसवणूक झाली किंवा धमकी आली, तर रागाने वा लाजेने संदेश पुसू नका. फोन आहे तसा राखा. पैसे गेले असतील तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवा. पुरावा बिघडला तर दोषी सुटतो आणि निरपराध अडकतो. तेव्हा माग जरूर काढावा, पण पाऊल पुसू नये.