कोरफड लावायची, पण कोणाच्या भरवशावर?



चेहरा तरुण ठेवतो म्हणणाऱ्या मलमांच्या डबीवर आज हळद, कडुनिंब, कोरफड छापलेली असते. अर्काने कातडीचा दाह उतरतो, यात तथ्य आहे. हळदीतल्या कर्क्युमिनचा हा गुण प्रयोगशाळेत दिसला आहे. तारुण्य परत येते, हे मात्र सिद्ध नाही.

हळदीने जखम भरते, हे आपल्या आजीला ठाऊक होते. तरी १९९५ साली अमेरिकेत त्यावर पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरने जुने ग्रंथ पुढे ठेवले आणि १९९७ साली ते रद्द करवले. ज्ञान वाचले. पण पेटंट रद्द झाल्याने पिकाला भाव मिळत नाही. मोल अर्काला, आणि अर्क कारखान्यात निघतो.

आता कोरफड. नगरच्या जिरायत बांधावर ती थोड्या पाण्यात जगते, म्हणून रोपे विकणारा आला की आपण भुलतो. तिच्या गरात १०० भागांत ९८ भाग पाणीच. तोडलेले पान लवकर नासते. कापसासारखे घरात भरून, ज्वारीसारखे पेवात साठवून भावाची वाट पाहता येत नाही.

रोपे विकली की त्याचा धंदा संपला. आपला तिथून सुरू. म्हणून आम्ही सांगतो, आधी तीन प्रश्न विचारा. पान कोण घेणार? काय भावाने? कारखाना किती लांब? उत्तर लेखी मिळेपर्यंत कपाशीचे रान मोडू नका.