गाळाचा श्वास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी मला विज्ञान शिकवले ते याच शाळेत. येथे आदिलाबादेत मराठीतून शिकून मी पैनगंगा ओलांडली, नागपूर गाठले आणि पुढे सारे आयुष्य सांडपाण्याच्या टाक्यांच्या काठावर काढले. विषय ओंगळ खरा. पण गुरुजींनी नाक मुरडले नसते.

१९१४ साली मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी बाटलीतल्या सांडपाण्यात हवा सोडली. ते पूर्ण शुद्ध होण्यास प्रथम सुमारे पाच आठवडे लागले. त्यांनी तळाशी बसलेला गाळ मात्र फेकला नाही. त्याच गाळावर नवे सांडपाणी घालीत गेले, आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. गाळ म्हणजे जिवाणूंची वसाहत, हे त्यातून उमगले. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर १९१६ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले, म्हणून ही विद्या आपल्याकडे फार उशिरा पोहोचली असे म्हणता येत नाही.

या पद्धतीचे सारे यश गाळ खाली बसण्यावर अवलंबून असते. प्राणवायू अपुरा पडला की तंतुमय जिवाणू माजतात, गाळ पिंजलेल्या कापसासारखा फुगतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. १९८९ साली टोकियोच्या यामामोतो यांनी पोकळ तंतूंची मेंब्रेन थेट हवेच्या टाकीतच बुडवून पाणी शोषून घेण्याची रीत मांडली. मेंब्रेनची छिद्रे जिवाणूहून बारीक, तेव्हा गाळ बसण्याची वाट पाहणे नको. लिटरमागे तीन-चार ग्रॅमऐवजी आठ ते बारा ग्रॅम गाळ राखता येतो. जागाही थोडी लागते.

मग पंधरा-सोळा ग्रॅम का राखू नये? हा प्रश्न एकेकाळी मीच मोठ्या ऐटीत विचारला होता.

ज्वारीची आंबील शिजताना पाहा. पातळ असते तोवर बारीक बुडबुडे येतात. दाटली की मोठाले फुगे येऊन फुटतात. टाकीतही हेच घडते. दाट गाळात बारीक बुडबुडे एकत्र येऊन मोठे होतात, भराभर वर येतात आणि त्यांतला प्राणवायू पाण्यात न उतरता आकाशात जातो. लिटरमागे दहा ग्रॅम गाळ असता प्राणवायू विरघळण्याचा वेग स्वच्छ पाण्याच्या निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. पंधरा ग्रॅमला तो तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास उरतो. त्यात आपला उन्हाळा! वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, पस्तीस अंशांच्या पाण्यात जेमतेम ७. आणि उष्म्याने जिवाणूंची भूक मात्र वाढते. मेंब्रेन घासून स्वच्छ ठेवण्यासाठी मोठ्या बुडबुड्यांची निराळी हवा सोडावी लागते. तिचे वीजबिल मोठे, पण श्वासासाठी तिचा उपयोग थोडा.

एका कारखान्यात मी गाळ काढणे थांबवून तो सोळा ग्रॅमपर्यंत वाढू दिला. जिवाणू अधिक तर काम अधिक, हा माझा हिशेब. मे महिन्यात दोनांपैकी एक ब्लोअर दुरुस्तीला गेला. बाहेर पडणारे पाणी काचेसारखे स्वच्छ होते, आणि त्यानेच मला फसवले. जुन्या पद्धतीत गाळ बिघडला की पाणी गढूळ होऊन चुगली करते. येथे मेंब्रेन चुगली करू देत नाही. पाण्यात अमोनिया वाढत होता, कारण प्राणवायू तुटला की त्याचे नायट्रेट करणारे जिवाणू सर्वांआधी थंडावतात. गाळ काळसर झाला होता. शोषणाच्या दाबाचा काटा रोज थोडा पुढे सरकत होता, कारण उपाशी, गुदमरलेल्या गाळातून सुटणारा चिकट द्राव छिद्रांत बसत होता. हे सारे नोंदवहीत माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. मी ते वाचले नव्हते, इतकेच. काटा लाल रेषेला टेकला तेव्हा संयंत्र बंद करावे लागले. मेंब्रेन हायपोक्लोराइटने धुतली, गाळ काढून दहा ग्रॅमवर आणला, दुसरा ब्लोअर आला. अमोनिया उतरण्यास मात्र आठवडे लागले.

आपल्यापैकी काही जण नगरपालिकांत आहेत. उद्या कोणी तुमच्यापुढे स्वच्छ पाण्याचा पेला धरील, तेव्हा दाबाची नोंदवही मागा आणि राखीव ब्लोअर चालू करून दाखवा म्हणा.

विद्यार्थ्यांनी उद्या दहा वाजता प्रयोगशाळेत यावे. माशांच्या टाकीचा छोटा पंप मी आणला आहे; घरून कोणी थोडे ज्वारीचे पीठ आणा. पातळ आणि दाट अशा दोन्ही आंबिलींत हवा सोडून पाहू.