राणीवशातील राजीनामा



युनियनच्या कचेरीत आयुष्य घालवलेल्या माणसाने चीनच्या राणीवशावर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे सारे वाचन रात्रीच्या दिव्याखाली झाले. त्या वाचनात पेकिंगच्या दरबाराचे पगारपत्रक भेटले आणि आम्ही तेथेच थबकलो. पगारपत्रक दिसले की थांबायचे, ही आमची जुनी खोड आहे.

छिंग घराण्याने बादशहाच्या बायकांच्या आठ पायऱ्या ठरवून टाकल्या होत्या. सर्वांत वर सम्राज्ञी. तिला वर्षाला १००० तैल रुपे. एक तैल म्हणजे सुमारे तीन तोळे. तिच्याखाली ८००, ६००, ३००, २००, १००, ५० आणि तळाच्या पायरीला ३०. रेशीम, मांस, तांदूळ, कोळसा, मेणबत्त्या, सारे पायरीप्रमाणे मोजून मिळे. भरतीही नियमाने चाले. मांचू फौजेतील घराण्यांनी आपल्या मुली ठरावीक वर्षांनी निवडीसाठी हजर करायच्या, आणि निवड होईपर्यंत त्यांचे लग्न दुसरीकडे करायचे नाही.

यातील एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. राजवाड्यातील दासीला मुदत होती. अठराव्या शतकातील नियमाप्रमाणे पंचविसाव्या वर्षी तिला मोकळे करीत. ती घरी जाई, संसार थाटी. उपराणीला अशी मुदत नव्हती. बादशहा मेला तरी त्याच भिंतींआड विधवा म्हणून दिवस काढायचे. म्हणजे दासीची नोकरी सुटे, राणीची सुटत नसे!

ती सोडवून घेणाऱ्या एका बाईची हकीकत आज आपणांस सांगायची आहे. तिचे नाव वेन-श्यू. जन्म १९०९ चा. घराणे जुने, पण पैसा सरलेला. १९१२ साली बालबादशहा पू-यी याने गादी सोडली होती. तरी करारानुसार पदवी आणि पेकिंगचा राजवाडा त्याच्याकडेच राहिले. लग्नाची वेळ आली तेव्हा त्याच्यापुढे चार मुलींचे फोटो ठेवले. त्याने पेन्सिलीने वेन-श्यूच्या फोटोवर खूण केली. वडीलधाऱ्या राण्यांत यावरून वाद झाला. मुलगी गरिबाघरची, असा आक्षेप निघाला. अखेर वान-रोंग ही सम्राज्ञी ठरली आणि वेन-श्यू उपराणी. १९२२ च्या अखेरीस ती राजवाड्यात आली, तेव्हा तिला तेरावे वर्ष चालू होते.

१९२४ च्या नोव्हेंबरात एका सेनापतीने पू-यीला राजवाड्याबाहेर काढले. पुढे ही मंडळी तिएन्त्सिन शहरात जपानी वसाहतीत राहू लागली. राज्य गेले, राजवाडा गेला. पण उपराणीची पायरी तशीच राहिली. सम्राज्ञीशी पटेना, नवरा बोलेना. नऊ वर्षांत पत्नी म्हणून आपल्याला त्याने कधी जवळ केले नाही, अशी तिची तक्रार होती.

१९३१ सालच्या मे महिन्यात चीनचा नवा कुटुंबकायदा अमलात आला. ऑगस्टमध्ये वेन-श्यू बहिणीसोबत बाहेर पडली ती परतलीच नाही. तिने वकील गाठले. बादशहाला कोर्टात उभे राहावे लागेल या भीतीने पू-यीची माणसे तडजोडीला आली. आणि आधी कोण उलटले? तिचाच एक चुलतभाऊ! त्याने वृत्तपत्रातून तिला कुळाची बदनामी केल्याचे सुनावले. तिने उत्तर दिले, की प्रजासत्ताकाच्या कायद्यापुढे स्त्री आणि पुरुष समान आहेत. संपातही आम्ही हेच पाहिले आहे. मालकाची नोटीस सोसते; घरच्या माणसाचे पत्र जास्त लागते.

ऑक्टोबरमध्ये ५५,००० युआनवर तडजोड झाली. त्यानंतर पू-यीने फर्मान काढून तिची पदवी काढून घेतली. राजीनामा देऊन गेलेल्या माणसाच्या नावाने मागाहून बडतर्फीचा हुकूम! ही रीत आम्हांस चांगलीच परिचयाची आहे.

ही तडजोड फार मोठी होती असे आम्ही म्हणणार नाही. पैसा टिकला नाही. वेन-श्यू पेकिंगला शाळेत शिकवू लागली. १९४७ मध्ये तिने पुन्हा लग्न केले आणि १९५३ मध्ये ती वारली. कष्टाचेच आयुष्य ते. परंतु मागे राहिली तिचे काय झाले तेही पाहा. तडजोडीनंतर महिन्याच्या आतच पू-यी जपान्यांच्या आश्रयाने मांचुरियाकडे निघाला. मागोमाग सम्राज्ञी वान-रोंगही गेली. तेथे ती अफूच्या आहारी गेली आणि १९४६ साली कैदेत मेली. १००० तैलांची पायरी तिला वाचवू शकली नाही.

नव्या कामगाराला पगार किती हे सगळेच विचारतात. आम्ही आणखी एक विचारतो: बाबा, सोडून जायचे म्हटले तर तुला जाता येईल का? उचल घेतलेल्याला, खोली मालकाची असलेल्याला नाही म्हणावे लागते. ज्या दाराने आत आलो त्याच दाराने बाहेर जाता येत नसेल, तर आतले रेशीम आणि तांदूळ मोजून काय उपयोग? कायदा मे महिन्यात झाला. परंतु दाराबाहेर पाऊल त्या एकवीस वर्षांच्या बाईलाच टाकावे लागले.