दानचिंतामणी अत्तिमब्बे : एका घरच्या माउलीचे स्मरण
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या एका श्राविकेचे पुण्यस्मरण करावयाचे आहे. आजच्या दक्षिण महाराष्ट्राचा मोठा भाग ज्या चालुक्यांच्या छत्राखाली होता, त्यांच्याच राज्यातील ही गृहिणी. तिचे नाव अत्तिमब्बे.

तिचे माहेर विद्याप्रेमी होते. वडील मल्लप आणि चुलते पुन्नमय्य यांनी आपले गुरू जिनचंद्रदेव यांच्या स्मरणार्थ महाकवी पोन्नाकडून सोळावे तीर्थंकर शांतिनाथ यांचे चरित्र, 'शांतिपुराण', कन्नडमध्ये लिहवून घेतले. गुरूचे स्मारक म्हणून ग्रंथ उभा करणारे हे घर!

अत्तिमब्बे आणि तिची धाकटी बहीण गुंडमब्बे या दोघींचा विवाह एकाच पुरुषाशी झाला. सम्राट तैलपाचा सेनानी नागदेव हा तो पती. नागदेवाला रणांगणावर वीरमरण आले आणि गुंडमब्बेने सहगमन केले. अत्तिमब्बेपुढेही तीच वाट होती. पदरी अण्णिग नावाचा लहान मुलगा होता. ती मागे राहिली. धाकट्या बहिणीला चितेवर जाताना पाहून मागे राहणे किती कठीण गेले असेल, याची कल्पना करवत नाही. सहगमनाने कीर्ती मिळण्याचा तो काळ होता. तिने मुलाला वाढविले आणि उरलेले आयुष्य व्रतस्थपणे, धर्मकार्यात घालविले. मुलगा पुढे पडेवळ तैल या नावाने सेनानी झाला.

दरम्यान वडिलांनी लिहवून घेतलेला ग्रंथ दुर्मिळ होऊ लागला होता. अत्तिमब्बेने शांतिपुराणाच्या एक हजार प्रती करवून त्या शास्त्रदान म्हणून वाटल्या. आज हजार प्रती काढणे ही मुद्रणालयातील एक-दोन दिवसांची गोष्ट आहे; ही स्मरणिकाही तशीच निघाली. त्या काळी मात्र एकेक ताडपत्र निवडून, सुकवून, त्यावर लोखंडी लेखणीने अक्षर कोरावे लागे आणि मग काजळी भरावी लागे. अशा हजार पोथ्या! किती लेखनिक किती काळ बसले असतील, आणि त्या सर्वांच्या जेवणाखाण्याची व्यवस्था कोणत्या स्वयंपाकघराने पाहिली असेल! आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने आपण पाठ म्हणतो. पोथ्यांच्या त्या कामात आहारदान आणि शास्त्रदान एकाच छपराखाली नांदत असावे.

दीड हजार सुवर्णरत्नमय जिनप्रतिमा तिने दान केल्याचे परंपरा सांगते. तिच्या पुण्याईने गोदावरीचा पूर ओसरल्याची आख्यायिकाही आहे. श्रद्धाळूंनी ती जरूर सांगावी. तथापि हजार पोथ्यांची हकिगत त्याहून अधिक विस्मयकारक वाटते.

मुधोळच्या बांगड्या विकणाऱ्या जैन कुटुंबात जन्मलेल्या रन्न कवीला तिने आश्रय दिला. त्याने इ. स. ९९३ मध्ये 'अजितपुराण' पूर्ण केले आणि त्यात या माउलीचे चरित्र गायिले. नागदेवाच्या मृत्यूची व गुंडमब्बेच्या सहगमनाची हकिगत आपल्याला त्यातूनच कळते. धाकट्या बहिणीचे नाव हजार वर्षे टिकले, तेही थोरलीने पोसलेल्या कवीच्या लेखणीमुळे.

पुढे इ. स. १००७ मध्ये, सत्याश्रयाच्या कारकिर्दीत, तिने लक्कुंडी येथे जिनालय बांधविले. गदगपासून जवळच असलेले हे मंदिर आजही उभे आहे आणि शिलालेखात तिची दानकीर्ती कोरलेली आहे. पोन्नाचा काळ राष्ट्रकूट कृष्ण तिसऱ्याचा, रन्नाचा तैलपाचा आणि मंदिराचा सत्याश्रयाचा. एक साम्राज्य मावळून दुसरे उगवले, त्या सर्व उलथापालथीतून एका विधवेचे घर कवींसाठी आणि पोथ्यांसाठी उघडे राहिले.

लोकांनी तिला 'दानचिंतामणी' म्हटले. ते बिरुद मोठेच. पण रन्नाने केलेला गौरव घरगुती आहे. त्याने आपल्या मुलाचे नाव आपला दुसरा आश्रयदाता चामुंडराय याच्यावरून 'राय' ठेवले आणि मुलीचे नाव ठेवले अत्तिमब्बे.