राजदूत 350 चं अ‍ॅव्हरेज



मला गाड्यांवर बोलायला सांगितलंय, तर माझ्या राजदूत 350 वरच बोलतो. यामाहा आरडी 350 चा हा आपल्याकडचा अवतार 1983 मध्ये आला. पिकअप जबरदस्त, पण पेट्रोलही तसंच पिणारी. मग अ‍ॅव्हरेज वाढावं म्हणून ताकद घटवून ‘लो टॉर्क’ मॉडेल काढलं. माझी तीच.

जळगाव ते धुळे साधारण 90 किलोमीटर. गणिताच्या सरांच्या धाकाने हिशेब वहीत लिहायचो. नवी असताना साडेचार लिटर लागायचं, म्हणजे 20 चं अ‍ॅव्हरेज. लग्नानंतर बायको मागे बसू लागली आणि साडेतीन लिटरमध्ये धुळं! गाडी तीच, कार्बोरेटर तोच. मूठ कमी पिळली जायची. आता रिंगा झिजल्यात, पुन्हा 20.

एकदा पारोळ्याच्या अलीकडे रिझर्व्हही संपलं. “पेट्रोल सरनं रे भो,” म्हणत माझा बाकावरचा मित्र पंपापर्यंत गाडी ढकलत आला. त्या दिवसाची नोंद त्यानेच केली: “90 पैकी 3 किलोमीटर माझ्या घामावर.”

तो आज आपल्यात नाही. वही सोबत आणलीय. चहाच्या वेळी त्याचं अक्षर बघा.